हे एकदा गेले की

४ जानेवारी, रविवार

कपाटातली दांडी मोडली! सकाळी चहा टाकत होते, तेवढ्यात आतून धाडकन आवाज आला. धावत गेले तर दार सताड उघडं आणि कोट, स्वेटर, पँटी, कुणाचे तरी पडदे, सगळा ढीग पलंगापर्यंत. हे त्या ढिगात गुडघे टेकून बसलेले. एकेक कपडा उचलून कॉलरमागे टाचलेली चिठ्ठी बघत होते. मी विचारलं, "लागलं का?" तर म्हणाले, "नाही, प्लॅस्टिक फाटलंय फक्त." मी त्यांना विचारलं होतं, प्लॅस्टिकला नाही.

त्यातला एकही कपडा आमचा नाही. सगळे ह्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातले. दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी न नेलेले कपडे 'चार दिवसांसाठी' घरी आणले. त्या चार दिवसांत एक हिवाळा गेला, दुसराही निम्मा सरला. कपाट चांगलं भिंतभर आहे. पण त्यात राहतात कोण, तर परके लोक! माझे कपडे खुर्चीच्या पाठीवर, दाराच्या खिळ्याला आणि पलंगाखालच्या बॅगेत. कामावर जाताना रोज वाकून बॅग ओढायची, हवा तो ब्लाउज तळाशी असतो.

राग यायला हवा होता. आला नाही. हल्ली काही येतच नाही. चहा गार झाला होता, तसाच प्यायले.

५ जानेवारी

हे बाजारात जाऊन लोखंडी पाइप घेऊन आले. आता म्हणे जन्मात मोडायचा नाही. उलट अजून थोडे मावतील!

८ जानेवारी, गुरुवार

आज साहेबांनी बोलावलं. आमच्या एक्स-रे विभागाची दुसऱ्या गावी नवी शाखा निघतेय. तिथे जुनं, हात बसलेलं माणूस हवंय. राहायला खोली मिळेल. महिनाअखेर सांगा म्हणाले, घरी विचारून. मी "बरं" म्हटलं आणि परत येऊन कामाला लागले. श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा. दिवसभर तेच. एक आजोबा सोडायचा विसरले, त्यांना दोनदा सांगावं लागलं.

जायचं ठरवलंय. इथे लिहून टाकते म्हणजे मलाही खरं वाटेल. एकटीनंच जायचं. भांडण नाही, तंटा नाही, ह्यांचं दुसरीकडे कुठे काही नाही, माझं तर नाहीच नाही. काहीच नाही, तेच कारण. दुकान गेल्यापासून हे बोलेनासे झाले. सुरुवातीला मी विचारायचे, काय झालं, काय होतंय. मग विचारणं सोडलं. मग विचारावंसं वाटणंही गेलं. आता दूध आणलं का, गॅस बंद केला का, एवढंच आमचं बोलणं. ताईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, सगळ्यांचं असंच असतं." असेल. पण मला सगळ्यांचं नाही सांगायचं.

मात्र ह्यांना त्या ढिगाऱ्याखाली गाडून जायला नको. मी गेले तर हे दार लावून त्या कपड्यांत बसून राहतील, मला माहीत आहे. म्हणून आधी कपाट रिकामं करून घ्यायचं, मग सांगायचं. तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

११ जानेवारी, रविवार

विषय काढला. म्हटलं, "अहो, हे एकदा घरातून काढू या ना."

लग्न झालं तेव्हा आमचा हा ठरलेला विनोद होता. माझ्या तोंडात सदा 'हे'. नवराही 'हे' आणि घरातली अडगळही 'हे'. मी "हे इथे कशाला ठेवलंय" म्हटलं, की हे गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "ठेवलं नाही, स्वतःच्या पायांनी आलोय." सासूबाईसुद्धा हसायच्या. आज ह्यांनी विनोद केला नाही. नुसतं कपाटाकडे बघितलं.

"लोकांनी विश्वासानं टाकलेत," म्हणाले.

"विश्वासानं टाकले आणि विसरून गेले. बेवारस झाले ते आता."

"बेवारस म्हणू नकोस. थांबलेत."

दुकानातही हाच शब्द होता. मागच्या खोलीत एक रांग होती, तिला 'थांबलेले' म्हणायचे. मदतनीस चुकून बेवारस म्हणाला तर त्याला फैलावर घ्यायचे. मी म्हटलं, गरजू लोकांना देऊन टाकू, कुणाच्या तरी अंगाला लागतील. त्यावर म्हणाले, "दुसऱ्याचा कोट तिसऱ्याला द्यायला मी कोण?" आता ह्यावर काय बोलणार! कपाळाला हात लावला मी.

"मग ज्याचे त्याला नेऊन द्या," मी म्हटलं. काही विचार करून म्हटलं नव्हतं. भिजत पडलेलं घोंगडं उचलून कुठेतरी टाकावं तसं बोलून गेले. हे एका कॉलरमागची चिठ्ठी सरळ करत बसले. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या दारात आपण जायचं नसतं. ते आपल्या दारात येतं." मग आणखी थोड्या वेळानं — "पण आपलं दार तरी कुठे राहिलंय."

१३ जानेवारी

जेवणाच्या टेबलाचा कब्जा घेतलाय! दुपारपासून वाफेची इस्त्री सुरू. एक कोट झाला की दुसरा. मी ओट्याशी उभ्यानं जेवले. म्हटलं, असेच द्या की नेऊन, फुकट तर पोचवताय. तर म्हणे, कपडा आपल्याकडे राहून चुरगळला तर दोष आपला. घरभर तो जुना वास. पूर्वी ह्यांच्या अंगाला यायचा.

नावं आठवत नाहीत म्हणाले. ह्यांना गिऱ्हाइकांचं नाव कधीच आठवत नाही, डाग आठवतो. शाईवाले. मेणवाल्या बाई. गंजवाले मास्तर. कोण कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर, ते मात्र तोंडपाठ.

१४ जानेवारी

पहिला कोट गेला. शाईवाल्यांचा. त्यांनी दारातच अंगावर चढवून बघितला, बटण काजापर्यंत पोचेना. म्हणाले, "हा कोट ज्याचा होता तो बारीक माणूस गेला हो!" तरी ठेवून घेतला. ह्यांना चहा पाजला, डाग निघालेली जागा बायकोला बोलावून दाखवली. हे मला सांगत होते, मी भांडी पुसत होते. "जागा शोधूनसुद्धा सापडली नाही त्यांना," असं दोनदा म्हणाले.

१७ जानेवारी, शनिवार

आज लग्नाचा कोट घेऊन गेले होते. काळा, चमकदार कॉलरचा. तरण्या माणसानं दार उघडलं, कोट बघितला आणि म्हणाला, "लग्नच राहिलं नाही, कोट घेऊन काय करू काका?" हे तिथेच उभे, हातात हँगर. परत आणायचा तर मी ओरडेन ही भीती! मग म्हणाले, "कोट चांगला आहे रे. लग्नाचा राग त्याच्यावर कशाला?" त्यानं घेतला. वर हसलासुद्धा.

हेही सांगताना हसले. मीही हसले, हसायची जागा होती म्हणून. मग ताटाकडे बघत बसले. ह्यांनी विचारलं, भूक नाही का. म्हटलं, आहे.

१९ जानेवारी

मीठ कमी आहे, हे सोडून आज हे जेवताना चक्क वेगळं काही बोलले. गंजवाल्या मास्तरांच्या पोपटाबद्दल.

२१ जानेवारी, बुधवार

मेणवाल्या बाईंची फजिती! हे त्यांचा लाल झगा घेऊन गेले, तर दारात बाईंचा नवरा. बाई मागून म्हणाल्या, "छे, माझा नाही हा. मी कुठे असले कपडे घालते!" हे म्हणाले, "बाई, मेणाचा डाग होता, उजव्या बाहीवर." बाईंचे डोळे एवढाले. ह्यांना कळलं, आणि हे निमूट जिना उतरले. कोपऱ्यापर्यंत आले तर मागून सपाता फटफटवत बाई धावत! झगा घेतला, पदराखाली कोंबला, म्हणाल्या, "हरवला असं सांगितलं होतं हो घरात. कुठे नेसून गेले होते ते विचारू नका."

"नेसून नाही, घालून," मी म्हटलं. झगा नेसत नाहीत. हे म्हणाले, "घाबरलेल्या बाईच्या व्याकरणाला काय नावं ठेवतेस!" आणि इतके हसले की इस्त्री गार पडली. मी बघत राहिले. हा माणूस कुठे होता इतके दिवस? आनंद झाला असं म्हणवत नाही. रिकाम्या खोलीत कुणीतरी दिवा लावला आणि आपण दुसऱ्या खोलीत बसलोय, तसं काहीसं.

कपाटाची डावी बाजू मोकळी झालीय. तिथे हात घातला तर गार लाकूड लागतं.

२३ जानेवारी

पडद्यांचा गठ्ठा एका हॉटेलच्या मॅनेजरांचा निघाला. ते आता दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉटेलात आहेत. तर हे सकाळच्या बसनं पडदे घेऊन तिकडे! मी म्हटलं, भाड्यात नवे पडदे आले असते. संध्याकाळी परतले ते तिथल्या धुलाईच्या खोलीचं वर्णन करत. माणूस उभा राहील एवढी यंत्रं, चादरींना आपोआप इस्त्री, आणि तरी कॉलरी पिवळ्याच. "बघणारं कुणी नाही तिथे," म्हणाले. मॅनेजरांनी जेवू घालूनच सोडलं म्हणे.

२४ जानेवारी, शनिवार

दुपारी ताईचा फोन. जाण्याचं फक्त तिला सांगितलंय. "बोललीस का त्यांच्याशी?" म्हणाली. म्हटलं, "एवढ्यात नाही. अर्धे अजून कपाटातच आहेत. हे एकदा घरातून गेले ना ताई, की मी सुटले." ती म्हणाली, "बघ बाई, घाई करू नकोस." मोठी बहीण आहे, तिनं असंच म्हणायचं असतं.

फोन ठेवून वळले तर हे स्वयंपाकघराच्या दारात. हातात इस्त्रीत घालायचं पाणी. मला वाटलं होतं बाहेर गेलेत. "कधी आलात?" विचारलं. "हे काय, आत्ताच," म्हणाले. जाण्याचं काही ऐकलं नसावं, ते तर मी फोनवर उच्चारलंच नाही. पण नंतर इस्त्री केलीच नाही. पाणी तसंच टेबलावर. दमले असतील.

२७ जानेवारी, मंगळवार

आता कपडे भराभर चाललेत. सकाळी एक गठ्ठा, दुपारी एक. इस्त्री नाही, काही नाही, घडी घालून पिशवीत. मला हवं होतं तसंच चाललंय.

जेवताना विचारलं, "आज कुणाकडे गेला होतात?" म्हणाले, "होते एक."

"कसला डाग होता?"

"आठवत नाही."

ह्यांना डाग आठवत नाही! मी वाट बघत होते, पुढे काहीतरी सांगतील. ते उठून हात धुवायला गेले. मला ऐकायचं होतं. कोण होतं, काय म्हणालं, कोट बसला का. लिहिताना माझं मलाच नवल वाटतंय.

२८ जानेवारी

आजही काही नाही. "होते एक."

३० जानेवारी, शुक्रवार

साहेबांना हो म्हणून आले. "घरचे तयार आहेत ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, हो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी अभिनंदन केलं, मी थँक्यू म्हटलं. मग एका मुलीच्या मनगटाचा एक्स-रे काढला. मोडलं नव्हतं, नुसतं मुरगळलं होतं.

रविवारी कपाट रिकामं होईल असं दिसतंय. वाक्य तयार केलंय. 'कपाट झालं, आता मी निघते.' स्वयंपाक करताना मनात म्हणून बघितलं. काहीच वाटलं नाही. बरंच आहे. रडत सांगण्यापेक्षा हे बरं.

१ फेब्रुवारी, रविवार

झालं. कपाट रिकामं झालं.

शेवटचे तीन स्वेटर सकाळी गेले. हे परत आले, ओलं फडकं घेतलं आणि कपाट आतून पुसायला लागले. कोपरे, कडा, तो लोखंडी पाइपसुद्धा. कपाटाला आतून हिरवा रंग आहे हे मी विसरलेच होते. मी पलंगावर बसून वाक्याची जुळवाजुळव करत होते. फडकं पिळून वाळत घातलं की बोलायचं.

फडकं वाळत घातलं. दारात उभे राहिले. आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "कपाट झालं. आता मी निघतो."

मला वाटलं बाजारात. म्हटलं, "कुठे?"

"हॉटेलात. मॅनेजरांना विचारलं होतं, ते ये म्हणालेत. धुलाईचं सगळं बघायचं. खोली देतायत. एक-दोन दिवसांत जाईन."

माझंच वाक्य, जसंच्या तसं. काना-मात्रेचा फरक!

"असं अचानक काय?" मी म्हटलं.

"अचानक कुठे. तूच म्हणालीस ना ताईंना. हे एकदा घरातून गेले की मी सुटले." रागानं नाही म्हणाले. चिठ्ठीवरचा नंबर वाचावा तसं म्हणाले. "म्हटलं, आधी कपडे जाऊ देत. मग आपण. त्यांची जबाबदारी तुझ्यावर कशाला टाकायची?"

"अहो, ते मी कपड्यांना म्हटलं होतं!"

हे थबकले. क्षणभर वाटलं, आता हसतील. लग्नानंतर हसायचे तसे. चेहऱ्यावर आलंही होतं थोडंसं. मग माझ्याकडे नीट बघितलं. कपडा उजेडात धरून बघतात तसं. आणि ते हसू गेलं.

"असेल," म्हणाले. "पण मला ते बसलं बघ बरोबर. कुठे सैल करावं लागलं नाही की आवळावं लागलं नाही."

शपथेवर सांगू शकले असते. कपड्यांनाच म्हटलं होतं मी! शब्द न् शब्द खरा. पण शपथ घेतली नाही, कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. साहेब, नवी शाखा, हो म्हणून आलेली मी. ह्यांनी ऐकलं चुकीचं आणि कळलं बरोबर. आता कुठल्या तोंडानं भांडू?

'नका जाऊ' एवढंच म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. हे कधी वाटायला लागलं मला ठाऊक नाही. पोपट, मेणवाल्या बाई, गार पडलेली इस्त्री, त्यात कुठेतरी सुरू झालं असेल, आणि मी ते कपाट मोजत बसल्यामुळे बघितलंच नाही. तोंडातून बाहेर काय पडलं? "जेवून घ्या."

जेवले. मीठ बरोबर आहे म्हणाले.

दुखतंय. बऱ्याच दिवसांनी काहीतरी दुखतंय.

२ फेब्रुवारी

साहेब रजेवर. उद्या येतील. ह्यांच्याशी बोलायचं होतं, पण आधी तिकडे नाही म्हणून यावं आणि मग बोलावं असं ठरवलं. हातात काही नसताना काय बोलणार? हे दिवसभर इस्त्रीची वायर दुरुस्त करत होते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांना नाही सांगून आले. ते चिडले, चिडोत. धावतपळत घरी पोचले तर हे गेलेले. इस्त्रीही नाही.

फोन लावला. लगेच उचलला. "पोचलो," म्हणाले.

"मी येतेय तिकडे."

"बघायला?"

"राहायला. मी काढीन काम शोधून. हाडं तिथेही मोडतच असतील की."

पलीकडून यंत्रांची घरघर तेवढी. मी रडत होते, त्यांना ऐकू जात असणार. मग घसा खाकरून म्हणाले, "इथे कपाट नाहीये पण."